पाकिटावर पुणे २

रझिया बागवानचं पत्र आलं तेव्हा दीनानाथ पोंक्षे अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि हातात पडलेल्या कुठल्याही कागदाला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायची त्यांची पद्धत होती. त्या एकाच पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. मधल्या काळात बरंच काही विस्मरणात गेलं, हल्ली तर स्वतःचा फोन नंबरही वहीत बघावा लागे. पण ते पत्र मात्र त्यांना स्वल्पविरामांसकट पाठ होतं.

पोंक्षे सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि बोलायला घाबरायचे. फळ्याकडे तोंड असलं की त्यांची भाषा स्वच्छ वाहायची. वर्गाकडे वळले की अडखळायची. कुणी उभं राहून शंका विचारली, की ते डस्टर हातात घेऊन म्हणत, "लिहून द्या, बघून सांगतो." पोरं सुरुवातीला हसली, मग सरावली. स्टाफरूमबाहेरच्या लाकडी खणांपैकी सरांच्या खणात चिठ्ठी टाकायची, दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर बारीक, सरळ अक्षरात उत्तर मिळायचं. एकाही चिठ्ठीला उत्तर राहिलं असं कधी झालं नाही. तोंडावर 'नाही' म्हणायला मात्र सरांना कधी जमलं नाही, आणि हेही सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

त्यामुळे जून बहात्तरमध्ये, कॉलेज बंद असताना, रझियाने घरी पत्र पाठवलं यात नवल काही नव्हतं. तिची ती चिठ्ठीच होती, फक्त खण लांब होता.

प्रश्न ऑनर्सचा होता. साधी पदवी सहा पेपरांची. ऑनर्स घेतलं की आणखी दोन पेपर, तेही सगळ्यांत कठीण, आणि त्यांचे गुण एकूण बेरजेत धरायचे. पहिला वर्ग साठ टक्क्यांना. सहा पेपरांत चौसष्ट-पासष्ट मिळवणारा मुलगा आठ पेपरांत अठ्ठावन्नावर येऊन बसायचा, आणि अठ्ठावन्न टक्क्यांना त्या काळी कुणी विचारत नसे. आदल्याच वर्षी संभाजी नावाचा एक मुलगा सरांच्या सांगण्यावरून ऑनर्सला बसला होता आणि पहिला वर्ग घालवून सासवडला परत गेला होता.

"आदरणीय सरांस रझियाचा सलाम," असं पत्र सुरू होत होतं. "मला ऑनर्स घ्यायचं आहे. घरात कुणाचा विरोध नाही, परंतु अब्बांची एक अट आहे. पहिला वर्ग मिळाला तर पुढे शिकवतील, नाही मिळाला तर लग्न. मैत्रिणी म्हणतात, टक्के सांभाळ. मला त्या दोन पेपरांतलं गणित शिकायचं आहे. ते शिकण्याइतकी माझी कुवत आहे की नाही, हे मला कळत नाही, आपल्याला कळत असेल. सोबत अर्ज जोडला आहे. कुवत आहे असं वाटत असेल तर सही करून पाठवावा. नसेल तर तसं लिहावं, मला वाईट वाटणार नाही. तीस तारीख शेवटची आहे."

सोबत उत्तरासाठी पाकीट होतं. त्यावर तिने स्वतःच्याच अक्षरात स्वतःचा पत्ता लिहिला होता: रझिया जब्बार बागवान, शुक्रवार पेठ, मंडईमागे, पुणे २. वीस पैशांचं तिकीट लावलं होतं, आणि त्या वर्षी बंगालच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्राला पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लागे, तेही आठवणीने लावलं होतं. तिचे वडील जब्बारभाई मंडईत फळांचा गाळा चालवत.

सरांनी चोवीस जूनला अर्जावर सही केली. अर्जासोबत एक चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, डिंक लावून बंद केलं. सोमवारी कॉलेजकडे जायचं होतं, वाटेत पेटीत टाकू म्हणून ते पिशवीत ठेवलं.

सोमवारी ते पाकीट पिशवीत घेऊन गेले आणि पिशवीतच घेऊन परत आले. मंगळवारीही तेच झालं. तीस तारीख गेली. पुढे पाकीट लॉग टेबलच्या जाड पुस्तकात गेलं आणि तिथेच राहिलं.

जुलैमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा रझिया साध्या पदवीच्या वर्गात बसली होती. दुसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी. तिने काही विचारलं नाही. फक्त त्या वर्षी सरांच्या खणात तिची एकही चिठ्ठी पडली नाही.

वर्षअखेर तिला एकाहत्तर टक्के मिळाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जब्बारभाई पांढरी टोपी घालून, डोक्यावर आंब्यांची करंडी घेतलेल्या हमालासह स्टाफरूममध्ये आले. पोरीला पहिला वर्ग मिळाला, सरांची मेहरबानी, असं म्हणून त्यांनी करंडी टेबलावर ठेवली आणि पोंक्षे सरांचा हात दोन्ही हातांत धरला. सर "अहो, मी काही केलं नाही" असं म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं. जब्बारभाईंना तो विनय वाटला. आंबे विभागप्रमुख आगटे सरांनी वाटले, स्वतःसाठी सहा बाजूला काढले. पोंक्षे सरांनी एकही घेतला नाही.

तेव्हापासून ते मंडईत गेले नाहीत. सदाशिव पेठेतल्या घरापासून मंडई दहा मिनिटांवर. लग्न झालं, मुलं झाली, मुलं परदेशी गेली. पण भाजी आणि फळं गल्लीत येणाऱ्या हातगाडीवरून घ्यायची हा सरांचा नियम टिकला. माणूस पेन्शनीत निघाला तरी त्याच्या पिशवीत मंडईतली कोथिंबीर पडली नाही. बायको मंदाकिनी याला कंजूषपणा म्हणायची, मग आळस म्हणायला लागली, पुढे काहीच म्हणेनाशी झाली.

कधीतरी दुपारी झोप लागत नसली की सर स्वतःला समजावत. संभाजीचं डोळ्यांसमोर होतं. आपल्या शब्दावर एका मुलीचं पुढचं शिक्षण टांगणीला लागलं असतं. सल्ला न देणं हाही कधी कधी मोठेपणा असतो. शिवाय तिचा पहिला वर्ग वाचला, हे कुणी नाकारू शकणार नाही. सगळे मुद्दे बरोबर होते. सर ते मनात नीट एकाखाली एक मांडत, बेरीज करत, आणि उत्तर दर वेळी चुकत असे.

*

पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यावा लागतो. त्या वर्षी बँकेने जवळच्या दोन शाखा मिळून एक केली होती, त्यामुळे रांग दुप्पट लांब होती. खुर्च्या संपल्या होत्या. सर भिंतीला टेकून, हातात सत्तेचाळीस नंबरचं टोकन घेऊन उभे होते.

"सर, बसा इथे," शेजारून एक बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली.

सर नको नको म्हणत बसले. बाई सत्तरीच्या असाव्यात. फिकट रंगाची साडी, डोक्यावरून पदर, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी 'सर' म्हटलं यात विशेष नव्हतं. बँकेतला शिपाईसुद्धा सगळ्या म्हाताऱ्यांना सरच म्हणतो.

"ओळखलं नाहीत," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. "लिहून देऊ का?"

सरांच्या हातातलं टोकन खाली पडलं. ते त्यांनी वाकून शोधलं, गरजेपेक्षा जास्त वेळ.

रझियाबाईंनी मग अगदी सहज, रांगेत वेळ जावा म्हणून बोलावं तसं, आपलं सगळं सांगितलं. बी. ए. झाल्यावर अब्बांनी शब्द पाळला. पण साध्या पदवीवर पुढे गणिताला जागा मिळेना, तिथे ऑनर्सवाल्यांचा नंबर आधी. म्हणून बी. एड. केलं. कॅम्पातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे राहिल्या. मूलबाळ नव्हतं. मालक गेल्यावर पुन्हा भावाकडे, नियाजकडे, त्याच जुन्या घरात आल्या. त्यांची शाखा बंद झाली म्हणून या शाखेत.

सर नुसते "हं, हं" करत होते. बाई थांबल्या तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, शिकवायला आवडलं का.

"आवडलं ना," रझियाबाई म्हणाल्या. "दर वर्षी एखादी हुशार पोर यायची विचारायला. बाई, अवघड घेऊ की सोपं घेऊ? मी सांगायचे, टक्के सांभाळ. तेहतीस वर्षं हेच सांगितलं. तुमच्याकडूनच शिकले."

"मी असं कधी..." सर म्हणाले.

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तेच म्हणते मी. कुणाच्याही फालतू चिठ्ठीला तुमचं उत्तर यायचं. माझ्या पत्राला आलं नाही. मग मी काय समजायचं? सरांना वाटतंय हिची कुवत नाही, आणि तसं लिहायला त्यांचा हात धजत नाही. बरोबर धरलं ना मी?"

समोरच्या खिडकीत एका आजोबांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. कारकून त्यांना जोरात दाबायला सांगत होता आणि आजोबा, याहून जोर असता तर इथे आलोच नसतो, असं सांगत होते. रांगेतले चार-सहा जण हसले.

रझियाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. नियाजची नात सुरय्या इंजिनिअरिंगला आहे, हे त्यांनी सांगितलं. तिथेही आता ऑनर्स निघालं आहे. चार सहामाह्या जास्तीचे विषय. त्यात वेळ जातो आणि मूळची ग्रेड घसरते. सुरय्याला सध्या आठ पॉइंट दोन आहेत, आणि खराडीतल्या कंपन्या आठच्या खालच्या पोरांना फाटकाच्या आत घेत नाहीत. पोर परवा विचारायला आली, दादी, घेऊ की ग्रेड सांभाळू?

"माझ्या तोंडात आलंच होतं," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, हे वाक्य माझं नाही. ज्याचं आहे त्याने ते कधी उच्चारलंसुद्धा नाही. सर, तिने काय करावं ते मी विचारत नाही. माझं विचारते. त्या वेळी तुमचं उत्तर काय होतं?"

सरांच्या घशाशी उत्तर आलं. एका अक्षराचं होतं. सगळी रांग ऐकते आहे असं त्यांना वाटलं, खरं तर कुणाचंही लक्ष नव्हतं.

"लिहून कळवतो," ते म्हणाले.

रझियाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते.

"बरं. पुढच्या शनिवारी तिची शेवटची तारीख आहे, सव्वीस. तोवर जमलं तर बघा. पत्ता तोच आहे." त्या उठल्या, खिडकीवर त्यांचा नंबर लागला होता. "पाकीट पाठवू का?"

हा टोमणा होता, हे सरांना कळलं. तरीही त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"पाकीट आहे माझ्याकडे."

रझियाबाई दोन पावलं गेल्या होत्या, त्या थबकल्या. वळल्या नाहीत. कारकुनाने पुन्हा नंबर पुकारला आणि त्या खिडकीकडे गेल्या.

*

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या सकाळपासून सर लिहायला बसले. सगळी उत्तरं ते सकाळीच लिहीत.

पहिला मसुदा चार पानांचा झाला. डावीकडे ऑनर्सचे फायदे, उजवीकडे टक्केवारीचे. तो वाचून सरांना बरं वाटलं, मग कळलं की त्यात उत्तर नाही. दुसऱ्या मसुद्यात संभाजी आला. संभाजीचं दुःख, सासवडची शेती, तरुण प्राध्यापकाच्या मनावर झालेला घाव, असं सगळं होतं. ते वाचताना सरांचेच डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणून त्यांना संशय आला. तिसऱ्यात त्यांनी 'काळाच्या मर्यादा' असा शब्द वापरला आणि कागद अर्ध्यावर फाडला. एक आठवडा असा गेला. मंदाकिनीने केराच्या डब्यात बघितलं. सोमवारी चहा देताना तिने विचारलं, मृत्युपत्र करताय का.

तेव्हा सरांनी तिला सांगितलं. लॉग टेबलचं पुस्तक काढून पाकीट समोर ठेवलं. पन्नास वर्षांत डिंक वाळून पाकिटाचं तोंड आपोआप उघडलं होतं. मंदाकिनीने आतला अर्ज काढला, सही बघितली, तारीख बघितली. मग चिठ्ठी वाचली.

"हो. ऑनर्स अवश्य घ्या," चिठ्ठीत होतं. "आपली कुवत माझ्यापेक्षा जास्त आहे. आठवा पेपर जड जाईल, तो आपण रविवारी करू."

मंदाकिनीने चिठ्ठीची घडी घातली.

"म्हणून मंडई नाही," ती म्हणाली. "एका पाकिटापायी मला लग्नापासून हातगाडीवरचे आंबे खायला घातलेत."

सरांनी मान हलवली.

मंदाकिनी व्यवहारी होती. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात घरातले सगळे अवघड फोन तिनेच केले होते. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, यात लिहायचं काय आहे? हेच पाठवून द्या. उत्तर दिलं होतं, सही केली होती, पेटीत टाकायचं राहून गेलं. किंवा पुस्तकात गेलं, नंतर सापडलं. माणूस विसरतो. त्या बाईला हवं ते मिळेल, तुम्हीही सुटाल. कुणाचं काय बिघडतं?

खरंच कुणाचं काही बिघडत नव्हतं. सर ती दुपार आणि पुढचा सगळा मंगळवार त्या सोईकडे बघत बसले. पाकीट तयार होतं. त्यातला दीनानाथ पोंक्षे तरुण होता, मोकळ्या मनाचा होता, रविवारी शिकवायला तयार होता. फक्त विसराळू. विसराळू प्राध्यापकावर कोण रागावतं? रझियाबाईंनी ती चिठ्ठी वाचली असती आणि त्यांना माफ केलं असतं, कदाचित आंबेही पाठवले असते.

पण सव्वीस जून बहात्तरचा सोमवार ते विसरले नव्हते.

त्या वेळी ते हंगामी होते. तीन वर्षं झाली होती. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांची फाइल संस्थेकडे जायची होती, कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कॉलेजात एक रिवाज होता. प्रत्येक प्राध्यापकाच्या विषयाचा निकाल किती टक्के लागला आणि त्यात पहिले वर्ग किती, याचा तक्ता टाइप करून स्टाफरूमच्या भिंतीवर लावत. वरून खाली, चढत्या नव्हे, उतरत्या क्रमाने. वर असलेले लोक त्या भिंतीकडे पाठ करून बसत, खाली असलेले समोर. पोंक्षे पहिल्या वर्षी तिसरे होते. संभाजीच्या वर्षी अकरावे झाले.

सोमवारी पाकीट पिशवीत असतानाच त्यांनी आगटे सरांना सहज सांगितलं, की या वर्षी ऑनर्सला एक मुलगी येईल असं दिसतं. आगटे सर सुपारी कातरत होते.

"एकच?" आगटे म्हणाले. "एकच म्हणजे पोंक्षे, शंभर टक्के नाहीतर शून्य. मधलं काही नाही. आणि तीच पोर साध्या वर्गात ठेवलीत तर तुमचा तक्ता ती एकटी वर खेचेल. मी काही सांगत नाही हं. तुमची फाइल आहे, तुमचा तक्ता आहे. बघा."

पोंक्ष्यांनी बघितलं. त्यांनी गणितच केलं. रझिया ऑनर्सला गेली तर तिच्या एकटीवर एक वेगळी ओळ, शून्याची भीती असलेली. रझिया साध्या वर्गात राहिली तर पहिल्या वर्गांची संख्या एकाने वाढते. हे गणित करायला त्यांना स्टाफरूमपासून फाटकापर्यंतचा वेळ पुरला. फाटकाला लागूनच पोस्टाची लाल पेटी होती. ते तिच्यासमोरून गेले. पाकीट पिशवीत आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढच्या जूनमध्ये तक्त्यात पोंक्षे पहिले आले. शहाण्णव टक्के. दोन महिन्यांनी फाइल गेली, ती त्याच निकालावर मंजूर झाली. जब्बारभाई करंडी घेऊन आले तेव्हा तक्ता त्यांच्या टोपीच्या अगदी मागे, भिंतीवर होता.

संभाजीचं नाव त्यांच्या मनात त्यानंतर आलं. नंतर, सोयीने आलं. बिचाऱ्या संभाजीने पन्नास वर्षं ते ओझं वाहिलं.

सरांनी बुधवारी सकाळी एक कोरा कागद घेतला. या खेपेला मसुदा केला नाही.

"रझियाबाईंस दीनानाथ पोंक्षेचा नमस्कार," त्यांनी लिहिलं. "आपण बँकेत विचारलंत त्याचं उत्तर सोबतच्या जुन्या चिठ्ठीत आहे. ती चोवीस जून १९७२ ला लिहिली आणि अर्जावर सहीही त्याच दिवशी केली. आपल्या कुवतीबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, नंतरही कधी आली नाही. पाकीट हरवलं नाही. मी विसरलो नाही. आपल्या भल्यासाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो, तेही खरं नाही. मी कायम व्हायचा होतो आणि माझ्या निकालाच्या तक्त्यासाठी मला आपण साध्या वर्गात हव्या होतात. आपले एकाहत्तर टक्के माझ्या उपयोगी पडले. टक्के सांभाळायचे होते ते माझे.

"आपण माझं म्हणून जे वाक्य इतकी वर्षं मुलींना सांगितलंत, ते आता सुरय्याला सांगू नये, एवढीच विनंती करण्याचा अधिकार मला उरला असेल तर करतो. तिने काय घ्यावं ते तिचं तिला ठरवू द्यावं. पण तिच्यात कुवत आहे असं आपल्याला वाटत असेल, तर तसं तिला तोंडाने सांगावं. लिहून नव्हे."

खाली क्षमा मागावी असं त्यांना वाटलं. त्यांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. क्षमा मागितली की ती द्यायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात. त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

मंदाकिनीने ते वाचलं. आता यानंतर ती बाई तुम्हाला चांगलं म्हणणार नाही, असं ती म्हणाली. सर म्हणाले, नाही म्हणणार. एवढं सगळं सांगायचंच असेल तर निदान फोन करा, वेळेत पोचेल, असंही तिने सुचवलं. फोनवर काय, दारात जाऊन काय, मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलेन, हे सरांनी सांगितलं, आणि ते तिला पटलं.

*

गुरुवारी साडेदहाला पोस्टात फारशी गर्दी नव्हती. खिडकीमागे पस्तिशीची एक बाई संगणकावर होती. समोरच्या पाटीवर पद्मजा असं नाव होतं. सरांनी पाकीट आत सरकवलं. तोंड नव्याने डिंकाने चिकटवलेलं होतं आणि कडांना पारदर्शक पट्टी लावली होती.

पद्मजाने ते दोन बोटांत धरलं.

"आजोबा, हे तिकीट आता चालत नाही."

"ठाऊक आहे. पैसे देतो ना वेगळे. स्पीड पोस्ट करा."

"मग नवीन पाकीट घ्या. पाच रुपयांत मिळतं समोर. हे फाटेल वाटेत."

"याच पाकिटातून जायला हवं," सर म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मागे उभ्या असलेल्या गृहस्थाने मान पुढे काढून पाहिलं. एरवी सर एवढ्यावर बाजूला झाले असते. ते तिथेच उभे राहिले.

पद्मजाने त्यांच्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. पत्त्यावरचं शाईचं अक्षर तपकिरी पडलं होतं, तरी एकेक अक्षर वाचता येत होतं. "पुणे दोन म्हणजे? पिन कोड कुठे आहे?"

तेव्हा नव्हता, असं सरांना सांगायचं होतं. त्या पत्रानंतर दोन महिन्यांनी पिन कोड सुरू झाले. सांगितलं नाही. त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्या तरुण मुलीच्या अक्षराखाली आपल्या हाताने चार एक एक शून्य शून्य दोन लिहिलं. दोन हातांची अक्षरं शेजारी बरी दिसत नव्हती.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

त्यांनी सांगितलं. मोबाइल नंबर वहीत बघून सांगितला.

"कधी पोचेल?"

"गावातल्या गावात आहे. उद्या जाईल. फार तर परवा."

परवा शनिवार होता, सव्वीस. सरांनी मनात मोजलं. सोमवारी मंदाकिनीला सांगितल्यावर लगेच लिहून टाकलं असतं, मंगळवारी दिवसभर त्या खोट्या सोईकडे बघत बसलो नसतो, तर दोन दिवस हातात राहिले असते. आता उद्यावर होतं सगळं. उद्या पोस्टमन मंडईमागच्या गल्लीत गेला तर सुरय्याला एक संध्याकाळ मिळेल. परवा गेला, तर रझियाबाईंना त्यांचं उत्तर मिळेल आणि पोरीची तारीख त्याच दिवशी संपत असेल.

"आजच्या थैलीत जाईल ना?" त्यांनी विचारलं.

पद्मजाने घड्याळाकडे बघितलं. तिने पाकीट वजनाला ठेवलं, पट्ट्यापट्ट्यांचा पांढरा कागद काढला आणि जुन्या दोन्ही तिकिटांना वाचवून, मधल्या मोकळ्या जागेत चिकटवला. पावती फाडून खिडकीतून बाहेर दिली. मग मागे वळून पाकीट जमिनीवरच्या उघड्या थैलीत टाकलं, बाकीच्या पाकिटांवर.

सर हलले नाहीत.

"आणखी काही आहे का, आजोबा?" पद्मजाने विचारलं. "मागे लोक थांबलेत."

"नाही," सर म्हणाले. "एवढंच होतं."